एमजीए, अ‍ॅम्बेसिडर आणि मच्छेची फौंड्री

एमजीए या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे इंजिन आणि आपल्याकडच्या जुन्या अ‍ॅम्बेसिडरचे पेट्रोल इंजिन एकाच घराण्यातले. क्षमता दोन्हीकडे १४८९ सीसी, सिलिंडरचा व्यास ७३ मिलिमीटर आणि पिस्टनचा फेरा ८८.९ मिलिमीटर. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी-सीरिज’ मालिकेतले हे ओतीव लोखंडाचे, चार सिलिंडरचे, साधे आणि दणकट इंजिन. एमजीए इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९५५ ते १९६२ या काळात तयार झाली. एक लाखाहून थोड्या अधिक गाड्या तिथून बाहेर पडल्या. अ‍ॅम्बेसिडर कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्यात थेट २०१४ पर्यंत बनत राहिली. एमजीएला दोन एसयू कार्बुरेटर होते आणि सुरुवातीच्या गाड्यांची ताकद ६८ ते ७२ अश्वशक्ती होती. अ‍ॅम्बेसिडरला एकच कार्बुरेटर आणि ताकद पन्नाशीच्या आसपास. एवढ्या फरकावर एक गाडी शर्यतीच्या मैदानात गेली आणि दुसरी कलेक्टर कचेरीच्या दारात उभी राहिली.

अशी जुनी स्पोर्ट्स कार पुन्हा रस्त्यावर आणण्याचे दोन मार्ग आहेत. कारखान्यातून निघाली तशीच ती पुन्हा उभी करणे हा पहिला. दुसऱ्यात बाहेरचा बांधा, गोल दिवे, तारांची चाके आणि डॅशबोर्डवरची घड्याळे जुनीच ठेवून आतली यंत्रणा आजच्या काळाची बसवतात. या दुसऱ्या प्रकाराला रेस्टोमॉड म्हणतात आणि गेल्या पंधरा-वीस वर्षांत त्याचा जगभर मोठा धंदा झाला आहे. कॅलिफोर्नियातली सिंगर ही कंपनी २००९ पासून जुन्या पोर्शे ९११ नव्याने घडवते. इंग्लंडच्या फ्रंटलाइनने एमजीएनंतर आलेल्या एमजीबीच्या पन्नाशीनिमित्त तिच्या जुन्या बांध्यात माझ्दाचे दोन लिटरचे इंजिन बसवलेली मर्यादित आवृत्ती काढली. या गाड्यांच्या किमतीकडे सामान्य माणसाने न बघितलेलेच बरे. मात्र त्यामागचे यंत्रशास्त्र लहान गॅरेजमध्येही तेच असते. मोटार ही एकमेकांवर अवलंबून असलेल्या भागांची साखळी आहे. त्यातला एक भाग सुधारला की पुढचा कमजोर ठरतो.

साखळीची सुरुवात बहुधा इंजिनापासून होते. साठ वर्षांच्या ओतीव ब्लॉकमध्ये सिलिंडर झिजून अंडाकृती झालेले असतात, पाण्याच्या वाटा गंजाने चोंदलेल्या असतात, क्वचित तडाही गेलेला असतो. सिलिंडर मोठा बोअर करून मोठ्या व्यासाचे पिस्टन घालता येतात. कारखान्यानेही पुढच्या एमजीएमध्ये फेरा तोच ठेवून व्यास वाढवत क्षमता आधी १५८८ आणि मग १६२२ सीसीपर्यंत नेली होती. पण प्रत्येक बोअरबरोबर सिलिंडरची भिंत पातळ होते. शिवाय एमजीएचा क्रँकशाफ्ट तीनच मुख्य बेअरिंगवर टेकलेला असल्यामुळे फिरण्याचा वेग वाढला की मधल्या मोकळ्या भागात तो लवतो. नंतरच्या १७९८ सीसी एमजीबीमध्ये १९६४ पासून पाच बेअरिंग आली ती यासाठीच. जुन्या इंजिनातून किती ताकद काढायची, याची खरी मर्यादा कार्बुरेटरपेक्षा या शाफ्टच्या लवण्यात आहे.

ब्लॉक किंवा हेड हाताबाहेर गेले आणि दुसरे मिळाले नाही, तर नवे ओतावे लागते. त्यासाठी लागणारे कसब बेळगावच्या आसपास मुबलक आहे. बेळगावहून खानापूरकडे जाताना उद्यमबाग आणि पिरनवाडीनंतर मच्छे लागते. तिथल्या औद्योगिक वसाहतीत अशोक आयर्न समूहाच्या फौंड्रीत इंजिनांचे ब्लॉक आणि हेड ओतले जातात. पॉलिहायड्रॉनमध्ये हायड्रॉलिक पंप आणि व्हॉल्व्ह बनतात. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालयही याच परिसरात आहे. या भागातल्या लोखंडाच्या कामाची परंपरा जुनी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचे दुकान काढले आणि पुढे तिथेच कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर घडवले. १९१० मध्ये ते किर्लोस्करवाडीला गेले. आज निपाणीच्या पलीकडचे कोल्हापूर आणि अलीकडचे बेळगाव मिळून फौंड्रीचा सलग पट्टा झाला आहे.

मोठ्या फौंड्रीला एकाच नगाची ऑर्डर परवडत नाही. पॅटर्न बनवणारे छोटे कारखाने आणि मशीनशॉप ते काम घेऊ शकतात. पद्धत अशी. जुन्या भागाचे त्रिमितीय स्कॅनिंग करून संगणकावर त्याची आकृती तयार करतात. जशीच्या तशी ओतली तर ती लहान होते, कारण करडे ओतीव लोखंड थंड होताना प्रत्येक मापात सुमारे एक टक्का आकसते. सव्वा फूट लांबीच्या ब्लॉकमध्ये हा फरक जवळपास चार मिलिमीटरचा, म्हणजे पिस्टन बसायची आशाच नको. म्हणून पॅटर्न तेवढ्या प्रमाणात मोठा करतात आणि जिथे कटिंग होणार तिथे तीन-चार मिलिमीटर जादा जाडी ठेवतात. पाण्याच्या वाटांसाठी वाळूचे कोअर लागतात. हे कोअर जराही सरकले तर एका बाजूची भिंत जाड आणि दुसरी पातळ निघते; बाहेरून काही दिसत नाही, पुढे कधीतरी घाटात इंजिन तापते. साचा आणि कोअर थेट वाळूतून छापणारी यंत्रे आल्यापासून लाकडी पॅटर्नशिवायही एखादा नग काढता येतो.

धातूची निवडही विचार करून करावी लागते. करड्या लोखंडातले ग्राफाइट पापुद्र्यांच्या रूपात असते. ते कंपने शोषून घेते आणि तेलाचा थर धरून ठेवते, म्हणून सिलिंडरला हेच लोखंड उत्तम. वितळलेल्या रसात थोडे मॅग्नेशियम मिसळले की ग्राफाइटच्या गोळ्या होतात आणि लोखंडाला चिवटपणा येतो. हे डक्टाइल लोखंड १९४०च्या दशकात पुढे आले. स्टिअरिंगचे आर्म, स्टब अ‍ॅक्सल धरणारे भाग, जिथे तुटण्याची शिक्षा माणसाला भोगावी लागते, तिथे ते वापरावे, सिलिंडरसाठी नाही.

इंजिन बांधून झाले की इंधनाचा प्रश्न येतो आणि भारतात तो दोनदा बदलला आहे. एमजीए बनली तेव्हा पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग असे. ज्वलनातून त्याचा पातळ थर व्हॉल्व्हच्या बैठकीवर साचे आणि तापलेले लोखंड एकमेकांना चिकटून झिजण्यापासून वाचे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले आणि हे संरक्षण गेले. जुन्या हेडमधली एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बैठक हळूहळू आत खचते, टॅपेटमधली फट संपते आणि व्हॉल्व्ह पुरता बंद होईनासा होतो. उपाय सोपा आहे. बैठकीची जागा खोदून तिथे कठीण मिश्रधातूची कडी दाबून बसवतात. हेडचे काम करणाऱ्या कुठल्याही चांगल्या मशीनशॉपला हे रोजचेच.

दुसरा बदल इथेनॉलचा. २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल आता देशभर सर्वसामान्य झाले आहे, आणि निपाणी-चिकोडी-कोल्हापूर हा उसाचा पट्टा तर त्या इथेनॉलचे माहेरच. जुने रबर आणि कॉर्कचे गॅस्केट त्यात फुगतात किंवा ठिसूळ होतात. इथेनॉल हवेतले पाणीही ओढते. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत गंज धरतो. रसायनाचा हिशेबही वेगळा होतो. एक किलो शुद्ध पेट्रोल जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलो पुरते आणि २० टक्के मिश्रणाला साडेतेरा. पेट्रोलसाठी जुळवलेल्या कार्बुरेटरमधून त्यामुळे गरजेपेक्षा कमी इंधन जाते, मिश्रण पातळ होते आणि इंजिन तापते. एसयू कार्बुरेटरमध्ये निमुळती सुई जेटमधून वर-खाली होत इंधनाचे प्रमाण ठरवते. ती सुई बदलून मिश्रण दाट करता येते. त्यापुढची पायरी इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनची. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजून संगणक इंधन ठरवतो आणि टाकीतल्या मिश्रणाशी स्वतःच जुळवून घेतो. जुन्या कार्बुरेटरसारखे दिसणारे थ्रॉटल बॉडीही मिळतात. वरून बघणाऱ्याला ते दोन एसयूच वाटतात. काहींना ही लबाडी वाटेल. पण बॉनेट उघडल्यावरचे रूप टिकवायचे तर याहून बरी वाट नाही.

मूळ गिअरबॉक्स चार गिअरचा आणि पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही. महामार्गावर इंजिन सतत ओरडत राहते, म्हणून इंग्लंडमध्ये अनेक जण फोर्ड सिएराचा पाच गिअरचा बॉक्स बसवतात. इंधन वाचते, कानांनाही आराम मिळतो. या बदलावर फारसे कोणी नाक मुरडत नाही.

ब्रेकची गोष्ट मात्र वेगळी, आणि या कामात पहिला पैसा इथेच खर्च व्हायला हवा. पहिल्या एमजीएला चारही चाकांना ड्रम होते. पुढच्या चाकांना डिस्क १९५९ च्या १६०० मॉडेलपासून सर्रास आल्या. दोन माणसे बसलेली गाडी साधारण १०५० किलोची धरली, तर ताशी १०० किलोमीटर वेगाला तिच्यात सुमारे चार लाख ज्यूल ऊर्जा असते. वेग १४० झाला की ती जवळजवळ दुप्पट होते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गानुसार वाढते. थांबताना या सगळ्या ऊर्जेची उष्णता होते. घाटाचा हिशेब याहून जड आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचावर आहे. तिथून चोर्ल्याच्या घाटाने गोव्याच्या किनाऱ्याला उतरताना याच गाडीला ७७ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी टाकावी लागते. ताशी शंभरवरून एकोणीस वेळा पूर्ण थांबण्याइतकी. काही भाग हवेचा विरोध खातो, काही खालच्या गिअरमधले इंजिन, आणि उरलेला ब्रेकवर येतो. ड्रम तापला की प्रसरण पावून लायनरपासून दूर जातो. पेडल खोल जाते आणि पकड सुटते. डिस्क तापली तर जाड होते, म्हणजे पॅडच्या दिशेनेच सरकते, शिवाय उघड्यावर असल्याने लवकर निवते. घाट उतरणाऱ्या गाडीला डिस्क हवी ती यामुळे.

त्याहून महत्त्वाचा बदल डोळ्यांना दिसत नाही. त्या काळातल्या मास्टर सिलिंडरमधून चारही चाकांना एकच तेलाची वाट जाई; एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. दुहेरी सिलिंडर बसवला की निदान दोन चाके हाती राहतात. ब्रेक ऑइलही ओलावा शोषते. डॉट ४ प्रतीचे नवे तेल किमान २३० अंशांना उकळते; पाणी शोषलेल्या तेलासाठी हाच किमान आकडा १५५ अंशांवर येतो. तेल उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पाय जमिनीला टेकला तरी ब्रेक लागत नाही. बेळगाव-खानापूरचा पाऊस बघता हे तेल दरवर्षी बदलणे शहाणपणाचे.

ब्रेक चांगले झाले की टायर तोकडे पडतात. मूळचे क्रॉसप्लाय काढून रेडियल घातले की पकड वाढते आणि वळणावरचा भार तारांच्या चाकांवर जातो. ४८ तारांची चाके त्या भाराने ढिली होतात, म्हणून ६० किंवा ७२ तारांची घेतात. पुढे भार सस्पेन्शनवर येतो. एमजीएच्या मागच्या बाजूला कमानपाटे आहेत आणि शॉकअब्सॉर्बर जुन्या लिव्हर पद्धतीचे. आत तेल, पिस्टन आणि व्हॉल्व्ह. हे नीट दुरुस्त होतात, आणि हायड्रॉलिक्स जाणणाऱ्या कारागिराला त्यात अवघड काही नाही. बहुतेक जण तरीही ते काढून टेलिस्कोपिक बसवतात. रुंद टायरचा मोह मात्र आवरावा. रुंद टायरने गाडी देखणी दिसते, पण स्टिअरिंग जड होते, चाक मडगार्डला घासते आणि अरुंद टायरवर गाडी हलकेच सरकवण्याची जी मजा या जातीत आहे तीच निघून जाते.

विजेचे काम त्या मानाने लवकर संपते. एमजीएत सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या आणि धन टोक सांगाड्याला. आजची जवळपास सगळी उपकरणे ऋण टोक सांगाड्याला धरून बनतात, म्हणून आधी ते उलटवतात. नंतर वीसेक अँपिअरच्या डायनॅमोच्या जागी त्याच्या दुप्पट-तिप्पट क्षमतेचा आल्टरनेटर येतो, त्यावर रेडिएटरचा पंखा आणि इंजेक्शनचा पंप चालतो. सत्तर वर्षांची कापडी वेष्टनाची वायर तशीच ठेवून वर नवा भार टाकणे म्हणजे आगीला आमंत्रण. वायरिंग संपूर्ण बदलावे.

बांध्यात दोन धातू आहेत. एमजीएचे दरवाजे, बॉनेट आणि डिकीचे झाकण अ‍ॅल्युमिनियमचे, बाकी पोलादी पत्रा. जिथे दोन्ही चिकटून असतात तिथे पावसाचे पाणी लागले की अ‍ॅल्युमिनियम खाल्ले जाते; मध्ये रबर किंवा रंगाचा अखंड थर हवा. फरशी चक्क प्लायवूडची असल्याने ती बदलणे सोपे. खाली पेटीसारख्या नळ्यांचा सांगाडा आहे आणि तोच गाडीचा खरा कणा. तो आतून गंजला असेल तर वरची कितीही महाग रंगरंगोटी निरर्थक ठरते.

या सगळ्यावर कायद्याचे कुंपण आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितले. इंजिन बदलले तर नोंदणी पुस्तकात त्याची नोंद व्हावी लागते. गाडी बेळगावची केए २२ असो, चिकोडीची केए २३ असो वा कोल्हापूरची एमएच ०९, हा नियम सारखाच. वीजमोटारीचा पर्याय कायद्याने खुला आहे, पण मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने मंजूर केलेल्या संचानेच. पुण्याची एआरएआय ही त्यातली एक संस्था. घाट उतरताना अशी मोटार ब्रेकऐवजी जनित्र होते आणि वरच्या ७७ लाख ज्यूलपैकी काही भाग बॅटरीत परत भरते. पूर्ण उतार धरला तरी हा आकडा दोन युनिटांच्या थोडा वरच. शिवाय बॅटरीच्या वजनाने हलक्या गाडीचा तोल बिघडतो, तो वेगळाच.

पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ नोंदणीचे वेगळे नियम आले. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, मुदत दहा वर्षांची, फेरनोंदणीला पाच हजार आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी, तिच्यात मोठे फेरफार केलेले नसावेत. आणि ती रोजच्या वापरासाठी नसावी. म्हणून जाणते लोक नवे भाग सांगाड्यावरच्या मूळ भोकांतच बोल्टने बसवतात, कुठे कापत नाहीत, वेल्डिंग करत नाहीत, आणि काढलेला ब्लॉक त्याच्या इंजिन क्रमांकासह जपून ठेवतात.