रेवाल चालीचा घोडा

तापीच्या दक्षिणेस वसलेल्या शिंदखेडा तालुक्यातील मुलांना सारंगखेड्याची यात्रा अपरिचित नाही. नदीपलीकडे, नंदुरबार जिल्ह्यातील या गावी दत्तजयंतीच्या सुमारास एकमुखी दत्ताची यात्रा व घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तेथे मारवाडी व काठेवाडी जातींचे घोडे विक्रीस येतात. त्यांचे कान आत वळलेले असून टोके एकमेकांकडे झुकतात. परंतु जाणता गिऱ्हाईक केवळ रूपावर भुलत नाही. तो घोड्याची चाल पाहतो. या दोन्ही जातींतील पुष्कळ घोड्यांत ‘रेवाल’ नावाची चाल उपजत आढळते.

रेवाल समजण्यासाठी प्रथम दुडकी ध्यानी घ्यावी. दुडकीत पुढचा उजवा व मागचा डावा, अशी तिरकस जोडी एकदम पडते आणि मध्ये क्षणभर चारही पाय जमिनीवरून सुटतात. त्यामुळे स्वारास हिसके बसतात. रेवालीत एकाच बाजूचे पाय पाठोपाठ पडतात : मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा. क्रम साध्या चालीचाच, पण गती अधिक. कोणता ना कोणता पाय सतत जमिनीवर टेकलेला असल्यामुळे पाठ फारशी उसळत नाही व लांबच्या प्रवासातही स्वार शिणत नाही.

अशी चाल रक्तातून येते. आइसलँडच्या घोड्यांचा अभ्यास करून स्वीडनमधील संशोधकांनी २०१२ साली दाखविले की, डीएमआरटी३ या जनुकातील एका बदलाचा अशा चालींशी निकट संबंध आहे. हे जनुक पाठीच्या कण्यातील, पायांचा मेळ राखणाऱ्या मज्जापेशींत कार्य करते. शिक्षणाने उपजत चालीस वळण लागते. चाबकाने ती निर्माण होत नाही. जनावरास निर्दयपणे मारणे हा १९६० च्या अधिनियमान्वये अपराध आहे, हेही मुलांस सांगावे.

हा पाठ अंगणात घ्यावा. दोन मुले एकामागे एक उभी करावी; पुढील मुलाचे पाय ते घोड्याचे पुढचे, मागील मुलाचे ते मागचे. दोघांनी विरुद्ध पाय एकदम टाकले की दुडकी होते व दोन ठोके ऐकू येतात. मागच्याने डावा, लगेच पुढच्याने डावा, नंतर तसेच उजवे टाकले की रेवाल होते व चार ठोके ऐकू येतात. इतर मुलांनी डोळे मिटून ठोके मोजावे. मग यात्रेत त्यांचे कानही घोडा ओळखतील, आणि मुक्या प्राण्याकडून काय मागावे व काय मागू नये, हेही त्यांस उमगेल.