अ‍ॅन आर्बरची ‘खैरात’: गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेतील बर्कली, अ‍ॅन आर्बर, कॅलमझू अशा विद्यापीठांच्या शहरांत नगरपालिकांनी समलिंगी जोडप्यांना लाभ दिले, असे म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे अनुदान उभे राहते. अर्ज भरायचा, दोघे समलिंगी असल्याचे सांगायचे आणि करदात्यांच्या पैशांतून रक्कम उचलायची. हा समज अमेरिकेतही होता आणि चार दशकांत तो फारसा झिजलेला नाही. समलिंगी असण्याबद्दल पैसे देणारी योजना यांतल्या कोणत्याही नगरपालिकेने चालवली नाही.

वाद होता तो नोकरीतल्या सुविधांचा. नगरपालिका जशी प्रशासन असते तशी ती मालकही असते. तिच्याकडे कारकून, अग्निशामक जवान, पाणीपुरवठ्याचे कामगार पगारावर असतात. अमेरिकेत कामकरी वयाच्या बहुतेक माणसांचा आरोग्यविमा नोकरीला बांधलेला असतो. नोकरीनिमित्त तिकडे गेलेल्या मराठी कुटुंबांना हे पहिल्याच महिन्यात कळते. हा विमा पगाराचाच भाग असतो आणि त्यात नवऱ्याचे किंवा बायकोचे नाव घालता येते. शेजारशेजारच्या टेबलांवर बसून एकच काम करणाऱ्या दोघांपैकी एकाच्या बायकोला विमा मिळत होता आणि दुसऱ्याच्या वीस वर्षांच्या जोडीदाराला मिळत नव्हता. म्हणजे दुसऱ्याला त्याच कामाचे कमी मोल मिळत होते. लग्न करून नाव घालावे म्हटले, तर लग्नाला कायद्याची परवानगी नव्हती.

नेमका हाच प्रश्न १९७९ मध्ये बर्कलीच्या नगरपालिकेत नोकरीस असलेल्या टॉम ब्रूहॅम यांनी उपस्थित केला. ‘डोमेस्टिक पार्टनर’, म्हणजे लग्नाविना संसार करणारा जोडीदार, हा शब्दप्रयोग रूढ होण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. बर्कलीच्या नगर परिषदेने १९८४ च्या अखेरीस अशा जोडीदारांना सुविधा देण्याचे धोरण मंजूर केले. ते भिन्नलिंगी अविवाहित जोडप्यांनाही खुले होते, ही गोष्ट ‘खैरात’ म्हणून ओरडणारे हटकून विसरतात.

खैरातीच्या आरोपाचा उरलासुरला जोर प्राप्तिकराच्या नियमाने जातो. विवाहित कर्मचाऱ्याच्या जोडीदारासाठी मालकाने भरलेल्या विम्याच्या हप्त्यावर केंद्रीय प्राप्तिकर लागत नाही. डोमेस्टिक पार्टनर करकायद्याच्या व्याख्येत अवलंबित बसत नसेल, तर तीच रक्कम कर्मचाऱ्याचे उत्पन्न धरली जाते आणि तिच्यावर कर आकारला जातो. सुविधा तीच, पण समलिंगी कर्मचाऱ्याच्या हातात पडणारा पगार कमी होता. घेणाऱ्याकडूनच कर वसूल करणारी ही कसली खैरात?

दुसरा गैरसमज असा, की नगरपालिकेत नोंद झाली म्हणजे मागल्या दाराने लग्नच झाले. अ‍ॅन आर्बरने १९९१ मध्ये अशी नोंदणी सुरू केली. त्या नोंदीने ना जोडीदाराचा वारसाहक्क मिळत होता, ना केंद्रीय करातील सवलत, ना परदेशी जोडीदाराला व्हिसा. उपयोग पुराव्यापुरता होता. मिशिगन विद्यापीठ आपल्या कर्मचाऱ्यांच्या समलिंगी जोडीदारांना विमा देताना नगरपालिका किंवा अन्य शासकीय संस्थेच्या रीतीने झालेली नोंदणी मागत असे. त्यामुळे नगरपालिकेच्या क्लार्ककडच्या नोंदीच्या त्या कागदाला किंमत आली.

खोलीतला कोणताही भिडू जोडीदार म्हणून दाखवता येत होता, हेही खरे नाही: कॅलमझूच्या नियमांत सहा महिने एकत्र राहणे, खर्च एकत्र असणे, दोघे अविवाहित असणे आणि लग्नाला आड येईल असे रक्ताचे नाते नसणे, या अटी होत्या. हे सारे नव्वदच्या दशकातले फॅड होते, असे म्हणणाऱ्यांनी अ‍ॅन आर्बरचा इतिहास पाहावा: लैंगिक कलावरून भेदभाव करण्यास तिथे १९७२ मध्येच बंदी आली आणि १९७४ मध्ये विद्यापीठाची विद्यार्थिनी कॅथी कोझाचेंको उघडपणे समलिंगी म्हणून उभी राहून नगर परिषदेवर निवडून आली.

नगर परिषदेने ठरवले म्हणजे विषय संपला, हा समज मात्र महागात पडला. अ‍ॅन आर्बर आणि कॅलमझू ज्या राज्यात आहेत त्या मिशिगनच्या मतदारांनी नोव्हेंबर २००४ मध्ये राज्याच्या घटनेत दुरुस्ती केली. एक पुरुष व एक स्त्री यांच्या विवाहाखेरीज कोणत्याही बंधनाला, ‘विवाह किंवा तत्सम’ म्हणून, कोणत्याही कारणासाठी मान्यता नाही, असा तिचा आशय. प्रश्न फक्त लग्नाचा आहे, कोणाच्या विम्याला धक्का लागणार नाही, असे समर्थकांनी प्रचारात सांगितले होते. पुढच्याच वर्षी राज्याच्या महाधिवक्त्यांनी कॅलमझूच्या सुविधांवर बोट ठेवले, आणि ७ मे २००८ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध दोन मतांनी त्या घटनाबाह्य ठरवल्या. मतदारांना सांगितले काय आणि पदरात पडले काय, यावर अल्पमतातील न्यायमूर्तींनीही बोट ठेवले.

या वादात मिशिगन विद्यापीठाने निकष बदलले. ‘जोडीदार’ हा शब्द गेला आणि त्या जागी एकाच घरात राहणारी, नात्यात नसलेली प्रौढ व्यक्ती आली. २०११ च्या अखेरीस राज्याने नगरपालिका आणि शाळांसारख्या सार्वजनिक संस्थांसाठी तीही वाट कायद्याने बंद केली. या कायद्याला जून २०१३ मध्ये केंद्रीय न्यायालयाने स्थगिती दिली आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये कायमची मनाई केली.

२६ जून २०१५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाचा हक्क देशभर मान्य केला. त्या निकालासाठी एकत्र चालवलेल्या खटल्यांपैकी एक मिशिगनचा होता. तेव्हापासून कर्मचाऱ्याच्या समलिंगी पतीचे किंवा पत्नीचे नाव इतर विवाहितांप्रमाणेच विम्यात घातले जाते. त्या निकालाने २००४ ची दुरुस्ती पुसली गेली, हा शेवटचा गैरसमज. ती मिशिगनच्या घटनेच्या पहिल्या प्रकरणात, पंचविसाव्या कलमात शब्दशः छापलेली राहिली. निकालाने गेला तो तिचा अंमल.