हवेच्या काठाची नाव : कोणी घ्यावी, कोणी घेऊ नये

आण्याच्या पठारावर नावेविषयी लिहिणे काहींस चमत्कारिक वाटेल. उन्हाळ्यात जेथे पिण्याच्या पाण्याची पंचाईत, तेथे नाव चालवावयाची कोठे? परंतु घाट उतरून पश्चिमेस गेले की चित्र पालटते. येडगाव, वडज, माणिकडोह, पिंपळगाव जोगे आणि आंबेगाव तालुक्यातील डिंभे ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणे याच मुलखात आहेत. या पाण्याच्या काठी राहणाऱ्या एखाद्या ग्रामपंचायतीच्या अगर मच्छीमार सोसायटीच्या मनात, पूरमदतीच्या छायाचित्रांत दिसणारी फुगीर काठांची नाव आपणही घ्यावी, असा विचार येणे स्वाभाविक आहे.

या नावेचा तळ फायबरचा अगर ॲल्युमिनियमचा, टणक व निमुळता असतो. त्याभोवती हवेने भरलेली जाड नळी बसविलेली असते. संपूर्ण रबरी कापडाची, घडी करून जीपमध्ये टाकता येणारी नाव ती निराळी. पुष्कळ जण या दोहोंत गल्लत करतात. टणक तळाच्या नावेची घडी होत नाही. तिला ट्रेलर लागतो, इंजिन लागते, आणि नुसत्या वल्ह्यांनी ती फारशी हाकता येत नाही.

हिचा जन्मच माणसे वाचविण्याच्या कामी झाला. १९६० नंतरच्या दशकात वेल्समधील ॲटलांटिक कॉलेजात डेस्मंड होअर या निवृत्त आरमारी अधिकाऱ्याने विद्यार्थ्यांच्या मदतीने ती सिद्ध केली. गोट्यांच्या किनाऱ्यावर कापडी तळ झिजून जाई, म्हणून त्यास लाकडी तळ जोडण्यात आला. १९७३ साली त्यांनी या शोधाचे हक्क ब्रिटनच्या जीवरक्षक नौका संस्थेस अवघ्या एका पौंडास दिले. लाटांत वेगाने जाणे आणि बुडत्यास काठावरून आत ओढून घेणे, हे तिचे काम होय.

सबब मासेमारीसाठी ती घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. गळ, शिंगाळ्याचा काटा, पाण्याखाली गेलेल्या बाभळीचे खुंट हे सारे नळीचे वैरी. शिवाय उन्हाळ्यात जलाशय आटला की पाणी व रस्ता यांच्यामध्ये चिखलाचा मोठा पट्टा पडतो. तेथून ही जड नाव ओढावयाची कोणी? मासेमाराने सपाट तळाची फायबरची अगर लाकडी होडी घ्यावी. ती वल्ह्याने चालते, आणि तिची डागडुजी गावातच होऊ शकते.

बचावपथकासाठी मात्र ही नाव उत्तम. तीही गावोगाव एकेक न घेता जलाशयाकाठच्या गावांनी मिळून एक घ्यावी. घेताना नळीत हवेचे कप्पे किती, हे प्रथम विचारावे. एक फुटला तरी बाकीच्यांवर नाव तरली पाहिजे. नळीचे कापड पीव्हीसीचे असल्यास किंमत कमी पडते, परंतु उन्हाने ते लवकर खराब होते. हायपालॉन या नावाने विकले जाणारे कापड महाग, पण ऊन व तेल अधिक सोसते. नाव बारमाही उघड्यावर राहणार असेल तर दुसरे घ्यावे. शेडमध्ये राहणार असेल तर पहिल्यानेही भागते. पैसे देण्यापूर्वी नळीत पुरती हवा भरून ती रात्रभर सावलीत ठेवावी व सांध्यांवर साबणाचे पाणी फिरवावे. बुडबुडे आले की कळलेच. भर उन्हात हवा फुगते, तेव्हा दुपारी नळी अतिताठ राहू देऊ नये.

आण्यास रंगदास स्वामींच्या यात्रेत आमटीच्या कढया चढविण्यापूर्वी पंगतीचा अंदाज घ्यावाच लागतो. नावेचेही तसेच. किती माणसे बसणार हे ठरवून, तितकी जीवरक्षक जाकिटे आधी खरेदीच्या यादीत लिहावीत. मग इंजिन, ट्रेलर, इंधन व दुरुस्तीचे सामान. आणि उरलेल्या पैशात बसेल तेवढीच नाव पाहावी. पुष्कळ ठिकाणी हा क्रम उलटा होतो. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात कुगाव व कळाशी यांच्या दरम्यान वादळी वाऱ्यात नाव बुडून सहा जणांचे प्राण गेले. वळवाचा वारा कोणती नाव किती किमतीची, हे पाहत नाही. इंजिनाच्या नावेस आंतरदेशीय जलयान अधिनियम, २०२१ लागू होतो. नोंदणी व तपासणी यांची चौकशी खरेदीपूर्वीच करावी.

राहिले आमचे पठार. येथे शेततळ्यास नाव नकोच. परंतु प्लॅस्टिक अंथरलेल्या उतारावर ओला पाय टिकत नाही, आणि पोहता येणारा माणूसही वर चढू शकत नाही. म्हणून काठास पक्का खुंट ठोकून गाठी मारलेला दोर पाण्यापर्यंत सोडून ठेवावा, व ट्रकची हवा भरलेली ट्यूब कुंपणास हाताशी टांगावी. ट्यूबमधील हवा दर महिन्यास दाबून पाहावी.