कारध्याचा पूर आणि टेबलावरचं हवामान

ऑगस्ट 2020च्या अखेरीस वैनगंगेने भंडाऱ्यात हाहाकार उडवला, तेव्हा त्या पुराचं बरंचसं पाणी मध्य प्रदेशात पडलेलं होतं. भंडाऱ्याजवळच्या कारध्याच्या पुलापाशी नदीची पातळी पावसाळ्यात सारा जिल्हा डोळ्यांत तेल घालून पाहतो. पण ती चढू लागते तोवर सिवनी-बालाघाटकडचा पाऊस पडून गेलेला असतो आणि संजय सरोवर धरणाचे दरवाजेही बहुधा उघडलेले असतात. म्हणून कारध्याच्या पुराचा अंदाज बांधायचा, तर आधी सातपुड्यातल्या पावसाचा अंदाज हवा.

तो काढण्याचं साधन आज सर्वांना खुलं आहे. अमेरिकेत विकसित झालेलं ‘डब्ल्यूआरएफ’ हे हवामान प्रारूप मोफत मिळतं आणि भरपूर मेमरी असलेल्या एका वर्कस्टेशनवर चालतं. ते हवेचे थर आणि त्यांत चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनात वारा, तापमान, बाष्प पुढच्या काही सेकंदांत किती बदलेल, याचं गणित सोडवत जातं. सुरुवातीची स्थिती आणि कडांवरून आत येणारी हवा ‘जीएफएस’ या जागतिक प्रारूपाकडून घ्यावी लागते. तीही फुकट मिळते.

अडतं ते गणिताच्या ओझ्यावर. चौकोन 9 किलोमीटरवरून 3 वर आणला, की आडवे-उभे मिळून चौकोन 9 पट होतात, शिवाय काळाची पावलंही तिप्पट घ्यावी लागतात. म्हणजे काम 27 पट! त्यामुळे बाहेर 9 किलोमीटरच्या चौकोनांची मोठी चौकट आणि आत 3 किलोमीटरच्या चौकोनांची लहान, अशी रचना करतात. इथे मोह होतो तो लहान चौकट भंडाऱ्याभोवतीच आखण्याचा. तसं केलं तर सगळी मेहनत वाया जाईल. तिच्यात सिवनी आणि बालाघाट आलेच पाहिजेत.

तरीही बारीक चौकोन म्हणजे अचूक अंदाज नव्हे. बंगालच्या उपसागरातून आलेला कमी दाबाचा पट्टा जागतिक प्रारूपात थोडा उत्तरेला सरकलेला असेल, तर आपल्या संगणकावर वैनगंगेचा पाऊस नर्मदेच्या खोऱ्यात पडेल. म्हणून एकाच बारीक अंदाजापेक्षा वेगवेगळ्या सुरुवातींचे चार जाड अंदाज मला जास्त मोलाचे वाटतात.

इशारा देण्याचं काम हवामान खात्याचं आणि प्रशासनाचं. ते त्यांच्याकडेच राहावं. पण भंडारा-गोंदियातल्या महाविद्यालयांनी एक पावसाळाभर हे प्रारूप रोज चालवावं आणि त्याचा पाऊस पर्जन्यमापकांच्या नोंदींशी ताडून पाहावा. चुकलेले दिवसही जपून ठेवावेत, कारण प्रारूप सुधारायचं कुठे, हे त्यांतूनच कळतं.