परदेशस्थांची मृत्युपत्रे आणि गावाकडील मिळकत

महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांतील एखादी तरी व्यक्ती आज परदेशी वास्तव्यास आहे. मुक्काम हलतो, नागरिकत्व बदलते, विवाह होतात, मुले होतात. गावाकडील शेत, घर आणि बँकेतील ठेवी मात्र जागच्या जागी राहतात. त्यांसंबंधीची कागदपत्रे ज्या दिवशी लिहिली गेली, त्या दिवसाचीच परिस्थिती ती सांगत राहतात. यातून उद्भवणारे तंटे अखेर गावच्या चावडीवर येत असल्याने हा प्रश्न केवळ परदेशस्थांचा म्हणून सोडून देता येत नाही.

मुळात अशा व्यक्तीच्या मालमत्तेला एकच कायदा लागू होत नाही. स्थावर मिळकत ज्या देशात असेल, तेथील कायदा तिला लागू होतो. जंगम मालमत्तेच्या बाबतीत मृताचा कायमचा अधिवास पाहिला जातो. समजा, इंग्लंडमध्ये कायमचा स्थायिक झालेला एक हिंदू गृहस्थ मृत्युपत्र न करता निधन पावला. त्याच्या मागे पत्नी, मुले आणि गावी वृद्ध आई आहे. गावाकडील त्याच्या स्वकष्टार्जित जमिनीत हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ अन्वये पत्नी, प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी आणि आई यांना सारखा वाटा मिळतो. इंग्लंडमधील मालमत्तेतून मात्र घरगुती चीजवस्तू, पहिले ३ लाख २२ हजार पौंड (ही मर्यादा २०२३ पासूनची) आणि उरलेल्याचा निम्मा भाग पत्नीस जातो. बाकीचे मुलांना मिळते. आईला काहीच मिळत नाही. मुलाने दरमहा पाठविलेल्या पैशांवर जिचा चरितार्थ चालत होता, तिच्या दृष्टीने हा फरक लहान नव्हे.

मृत्युपत्र केले म्हणजे निश्चिंत झालो, हा समजही पुरता खरा नाही. इंग्लंडच्या १८३७ च्या मृत्युपत्रविषयक कायद्याप्रमाणे विवाह होताच त्यापूर्वीचे मृत्युपत्र सामान्यतः रद्द ठरते. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ प्रमाणे हिंदूचे मृत्युपत्र विवाहामुळे रद्द होत नाही. याहून अधिक घोटाळा एका साध्या वाक्याने होतो. परदेशी वकिलाने तयार केलेल्या मसुद्यात ‘यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत’ असे कलम बहुधा असतेच. सही करणाऱ्याच्या मनात केवळ तेथील घर असते. पण गावच्या जमिनीसाठी केलेले जुने मृत्युपत्रही त्या एका ओळीने बाद होऊ शकते. दोन्हीकडे मिळकत असणाऱ्याने दोन मृत्युपत्रे करावीत आणि प्रत्येकात ते कोणत्या देशातील मालमत्तेपुरते आहे, हे स्पष्ट लिहावे. भारतातील मृत्युपत्रावर किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी सक्तीची नाही, तथापि ती केलेली बरी.

बँकेतील नामनिर्देशनाचेही असेच आहे. अविवाहित असताना भावाचे नाव दिलेले असते आणि पुढे ते बदलण्याचे राहून जाते. नामनिर्देशित व्यक्तीस बँक रक्कम देते, परंतु त्यामुळे ती व्यक्ती मालक होत नाही. वारसांचा हक्क अबाधित राहतो. कंपन्यांच्या भागांबाबतही सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हेच स्पष्ट केले आहे.

परदेशी नागरिकत्व घेतल्याने भारतीय नागरिकत्व संपते, पण जमिनीवरील मालकी संपत नाही. अनिवासी भारतीयांना व परदेशस्थ भारतीय नागरिकांना शेतजमीन विकत घेता येत नसली, तरी ती वारसाहक्काने मिळू शकते. ‘तो आता तिकडचा झाला, त्याचा हक्क गेला’ असे पारावर सहज बोलले जाते; त्याला कायद्याचा आधार नाही.

गावातील नातलगाच्या हाती अनेकदा कुलमुखत्यारपत्र असते. सर्वसाधारण मुखत्यारपत्र ते देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपुष्टात येते. त्यानंतर त्याच्या आधारे केलेला व्यवहार वारसांना न्यायालयाच्या दारात नेतो.

वारसाने मिळालेल्या हक्काची वर्दी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, द्यावयाची असते. वारसांच्या चौकशीत पंचायत सदस्यांना व गावच्या शिक्षकांना विचारले जाते, तेव्हा गावात दिसणाऱ्या मुलांची नावे चटकन सांगितली जातात आणि परदेशी नांदणारी मुलगी राहून जाते. तिचा पत्ता कुटुंबाकडून मागून घेऊन तिचे नाव त्याच वेळी यादीत घालता येते. फेरफार मंजूर झाल्यावर त्याच नावासाठी तिला अपिलात जावे लागते.