पांढरकवड्याचं ताट: कुठून काय आलं?

यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्याचं मुख्यालय पांढरकवडा नागपूर-हैदराबाद महामार्ग क्रमांक ४४ वर आहे. दक्षिणेला पैनगंगा ओलांडली की तेलंगण लागतं. महामार्गालगतच्या ढाब्यांवर आणि खानावळींत वऱ्हाडी जेवण मिळतं: पाटोडी-रस्सा, झुणका, भाकरी, वरण-भात. या साध्या ताटातले घटक मात्र दूरदूरहून आले आहेत.

🌾 ज्वारी : मूळची आफ्रिकेची. सुदानच्या पूर्व भागात सुमारे ५,००० वर्षांपूर्वी ती लागवडीखाली आली.

🟡 बेसन : हरभऱ्याचं मूळ आजच्या तुर्कस्तानच्या आग्नेय भागात. पाटोडीसाठी बेसन मसाल्यासह शिजवून ताटात थापतात, वड्या पाडतात आणि झणझणीत रश्श्यात सोडतात.

🌶️ मिरची : अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ती भारतात आणली. त्याआधी इथल्या जेवणात तिखटपणा मुख्यतः मिरी, पिंपळी आणि सुंठीचा असे.

🥜 शेंगदाणा : तोही दक्षिण अमेरिकेतून आला. चटणीत आणि रश्श्याच्या वाटणात त्याचं कूट पडतं.

🌿 अंबाडी : हीसुद्धा मूळची आफ्रिकेची. आंबट पाला उकडून, पिळून घेतात, त्यात डाळ किंवा ज्वारीच्या कण्या शिजवतात आणि वरून लसूण-मिरचीची फोडणी देतात. नदीपलीकडे तेलुगू घरांत हाच पाला ‘गोंगुरा’ म्हणून आवडीने खातात.

🫘 तूर : ही मात्र खास भारतीय. यवतमाळच्या शेतांत कपाशीच्या ओळींमध्ये ती आंतरपीक म्हणून घेतात. वरणाची डाळ त्यामुळे बहुधा शिवारातलीच असते.