मान वळवलेला नंदी आणि गेरूची रेघ

मोठ्या शिल्पाआधी शिल्पी प्राण्याचे जे रेखाटन करतो, त्याला कामाचा नकाशा म्हणणे अधिक योग्य. त्यात देखणेपणापेक्षा मापाला महत्त्व असते. हे समजायला कुंभकोणमजवळच्या तिरुविसनल्लूरचा नंदी सोयीचा आहे. तंजावरच्या दुसऱ्या शहाजीराजांनी १६९३ मध्ये ४६ पंडितांना इनाम दिलेले शाहजिराजपुरम ते हेच गाव. इथले शिवयोगीनाथाचे देऊळ मात्र त्याहून पुष्कळ जुने, चोळांच्या काळचे. अंतकाळी एका पाप्याने शिवाला हाक मारली, ती कोणाची हे पाहायला नंदीने मान वळवली, अशी इथली कथा.

समोर पाहणाऱ्या नंदीचे रेखाटन सोपे असते. बाजूने कपाळ, वशिंड, पाठ आणि शेपटीचे मूळ अशी सलग बाह्यरेषा मिळते. समोरून मधोमध ब्रह्मसूत्राची उभी रेघ मारली की डावे-उजवे मोजून घेता येते. मान वळली की हा हिशेब मोडतो. एका अंगाला गळ्याच्या पोळीच्या घड्या दाटतात, दुसऱ्या अंगाला कातडे ताणले जाते. बाजूच्या रेखाटनात मुस्कट आखूड दिसते. त्याच मापाने छिन्नी चालवली तर मुस्कट खरोखरच आखूड होऊन बसेल. म्हणून डोक्याला स्वतःची मध्यरेषा द्यावी लागते, आणि समोरची, बाजूची व वरची अशी निदान तीन रेखाटने एकमेकांशी जुळवून घ्यावी लागतात.

प्रमाणे शिल्पी मनाने ठरवत नाही. ‘मानसार’ या शिल्पग्रंथात वृषभलक्षणाचा स्वतंत्र अध्याय आहे. ठरलेली रेषा गेरूने थेट दगडाच्या अंगावर उतरते, पण पहिल्या थरासोबतच ती उडून जाते. मग पुन्हा सूत, पुन्हा रेघ. एक मूर्ती पुरी होईपर्यंत ती कितीदा काढली जाते याची मोजदाद कोणी ठेवत नाही. कावेरीचा हा मुलूख गाळाचा, दगड बाहेरून आणावा लागतो. चुकीची किंमत इथे जास्तच.

धातूकामात थोडी मोकळीक असते. जवळच्या स्वामिमलैचे स्थपती नारळाच्या झावळीच्या पातीला घड्या घालून मापे घेतात आणि मेणात मूर्ती घडवतात. मेण चुकले तर खरवडून पुन्हा लावता येते. पुण्यातला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा (१९२८) घडवणारे वि. पां. करमरकरही ब्राँझच्या घोड्याआधी मातीवर हात चालवू शकत होते. पाषाणात मात्र काढलेला कपचा परत बसत नाही.

रेषेवरची हुकमत पाहायची तर दारासुरमच्या ऐरावतेश्वर मंदिरात जावे. बाराव्या शतकातल्या या देवळात बैल आणि हत्ती एकाच डोक्यात गुंतवलेले आहेत. एक धड हाताने झाकले की दुसरा प्राणी पूर्ण होतो. दोन्ही बाह्यरेषा आधी एकावर एक बसवल्याशिवाय हे साधणारे नव्हे.

या कामाचे कच्चे रेखाटन सहसा हाती लागत नाही, कारण ते दगडाबरोबरच छिलले जाते. अर्धवट राहिलेल्या कामांत मात्र त्याच्या मागचा क्रम दिसतो. मामल्लपुरमच्या अपुऱ्या लेण्यांत खडकावर चौकटी पाडून मधला दगड एकेक करून काढत नेल्याच्या खुणा आजही स्पष्ट आहेत.